धंदेवाईक : विजय हजारे आणि खेळाच्या मजुरीचा झाकलेला इतिहास

१.
५ जून १९५२. लीड्सचे हेडिंग्ले मैदान. भारत आणि इंग्लंड यांच्यातील पहिल्या कसोटीच्या नाणेफेकीसाठी दोन कर्णधार उभे होते. इंग्लंडचा कर्णधार लेन हटन. विसाव्या शतकात इंग्लंडच्या कसोटी संघाचे नेतृत्व मिळालेला हा पहिला पगारी खेळाडू. इंग्लंडच्या क्रीडा-इतिहासात या घटनेला क्रांतीचे स्थान आहे; तिच्यावर पुस्तके आहेत, प्रकरणे आहेत.

२.
हटनसमोर उभा असलेला दुसरा कर्णधार सांगलीत जन्मलेला होता. शिक्षकाचा मुलगा, बडोदा संस्थानाचा नोकर आणि लँकेशायरच्या लीगमध्ये मोबदला घेऊन खेळणारा क्रिकेटपटू. नाव विजय सॅम्युअल हजारे. त्या सकाळी दोन्ही बाजूंचे कर्णधार खेळावर पोट भरणारे होते. त्यांपैकी एकाच्या पगाराचा इतिहास झाला. दुसऱ्याच्या पगाराविषयी मराठीत आजही संकोचाने बोलले जाते. हा धागा त्या संकोचाविरुद्ध आहे.

३.
मुद्दा प्रथमच स्पष्ट असावा. खेळाडूने खेळासाठी मोबदला घेणे हे खेळाचे अधःपतन नव्हे. सामान्य घरातील मुलाला खेळात टिकून राहण्याचा तो बहुधा एकमेव मार्ग होता आणि आहे. महाराष्ट्राचे क्रीडा-लेखन मात्र ही मजुरी ‘राजाश्रय’, ‘सेवा’, ‘निष्ठा’ अशा भरजरी शब्दांखाली झाकत आले. झाकलेल्या मजुरीत कामगार दिसत नाही, केवळ दाता दिसतो. हजारे यांची कारकीर्द या झाकाझाकीचे सर्वांत ठळक उदाहरण आहे.

४.
शब्दापासून आरंभ करणे योग्य ठरेल. ‘प्रोफेशनल’ला मराठीत एके काळी रूढ असलेला प्रतिशब्द ‘धंदेवाईक’. डॉक्टर वा वकील व्यवसाय करतो, खेळाडू मात्र धंदा करतो! ‘व्यावसायिक’ हा शब्द खेळाडूच्या वाट्याला फार उशिरा आला. याच्या उलट ‘हौशी’ या शब्दाभोवती नेहमीच प्रभावळ राहिली. पण हौस भागवण्यासाठी वेळ लागतो आणि वेळ विकत घ्यावा लागतो, हे साधे सत्य त्या प्रभावळीत दिसेनासे झाले.

५.
ही विभागणी इंग्लंडहून आली. तेथे १८०६ पासून ‘जेंटलमन विरुद्ध प्लेअर्स’ असा सामना होत असे. हौशी सभ्य गृहस्थ एकीकडे, पगारी खेळाडू दुसरीकडे. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, अनेक ठिकाणी मैदानात उतरण्याची दारेही वेगळी. धावफलकाच्या छापील पत्रकावर नावाची आद्याक्षरे कोठे छापायची, यावरूनही दर्जा कळे. ही व्यवस्था मोडली ती थेट १९६३च्या हंगामापूर्वी. हटन इंग्लंडचा कर्णधार झाला, पण त्याच्या यॉर्कशायर कौंटीने त्याला नियमित कर्णधारपद कधीही दिले नाही. तेथे ते पद हौशी खेळाडूसाठीच राखलेले होते.

६.
आणि हे हौशी खरोखर विनामूल्य खेळत होते काय? डब्ल्यू. जी. ग्रेस नावाने हौशी. परंतु प्रवासखर्च, दौऱ्यांचे मानधन आणि गौरवनिधी या मार्गांनी त्यांनी क्रिकेटमधून मिळवलेले धन त्यांच्या काळातील कोणत्याही पगारी खेळाडूच्या स्वप्नातही नव्हते. तेव्हा वाद पैसा घेण्या-न घेण्याचा नव्हताच. वाद होता पैसा कोणी घ्यायचा, कोणत्या नावाने घ्यायचा, आणि तो घेतल्यावर मान कोणाची खाली जायची, याचा.

७.
भारतात या ढोंगाला संस्थानी पोशाख मिळाला. १९३२च्या इंग्लंड दौऱ्याचे नेतृत्व पोरबंदरच्या महाराजांकडे होते. त्यांनी आपली मर्यादा ओळखून कसोटीत सी. के. नायडूंना पुढे केले, हा त्यांचा मोठेपणा. १९३६मध्ये कर्णधार झाले विजयनगरमचे महाराजकुमार, अर्थात ‘विझी’. तीन कसोटींत मिळून त्यांच्या धावा ३३. त्याच दौऱ्यातून लाला अमरनाथ यांना शिस्तभंगाच्या आरोपावरून मायदेशी धाडण्यात आले आणि दौरा चालू असतानाच विझींना ‘सर’ ही पदवी मिळाली.

८.
या प्रसंगाचा अर्थ नीट लक्षात घेण्याजोगा आहे. पैसा भारतीय क्रिकेटमध्ये पहिल्या दिवसापासून होता. तो वजन विकत घेत होता, पद विकत घेत होता. त्या पैशाला कोणी ‘धंदेवाईक’ म्हटले नाही. खेळ भ्रष्ट करतो तो खेळाडूचा पगार, अशी समजूत ज्या काळात रूढ होती, त्याच काळात बिनपगारी श्रीमंती संघाचे कर्णधारपद भूषवत होती.

९.
आता सांगलीकडे. विजय हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शिक्षक, घरात आठ भावंडे. ना जहागीर, ना गिरणी, ना वकिली. रणजी स्पर्धा ज्या हंगामात सुरू झाली त्या १९३४-३५मध्येच ते महाराष्ट्राकडून प्रथम श्रेणी क्रिकेट खेळू लागले. ऑस्ट्रेलियाचे महान फिरकी गोलंदाज क्लॅरी ग्रिमेट यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. बॅट आणि पॅड जवळजवळ चिकटवून उभे राहण्याची त्यांची पद्धत पुस्तकी नव्हती. ती बदलू नये, असा सल्ला ग्रिमेट यांनीच दिल्याचे सांगितले जाते.

१०.
१९३९-४०च्या हंगामात पुण्यात महाराष्ट्राची गाठ बडोद्याशी पडली. हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील भारतीय फलंदाजाचे ते पहिले त्रिशतक. १९४१-४२पासून हजारे बडोद्याकडून खेळू लागले. ज्या संघाला त्यांनी सोलून काढले, त्याच संघाच्या संस्थानाने त्यांना नोकरी दिली. आजच्या भाषेत याला खेळाडूचा करार म्हणतात. तेव्हाच्या भाषेत याला ‘महाराजांची गुणग्राहकता’ म्हटले गेले.

११.
दोन्ही नावांमागील व्यवहार एकच आहे. फरक हक्काचा आहे. करार दोन पक्षांत होतो, कृपा एकाच बाजूने होते. करारात मुदत असते, रक्कम असते, तंटा झाल्यास दाद मागण्याची सोय असते. कृपा मात्र ज्याची असेल त्याच्या मर्जीवर चालते. होळकरांच्या इंदूरमध्ये सी. के. नायडूंना लष्करी हुद्दा होता. ‘कर्नल’ ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची जडली. इंदूरच्या सैन्याला त्यांच्या रणनीतीची किती गरज होती, हे सांगण्याचे कारण नाही. तो हुद्दा म्हणजे बॅटचे वेतन होते.

१२.
त्या वेतनाच्या बदल्यात किती काम झाले, तेही पाहावे. मार्च १९४७, बडोदा. रणजी करंडकाचा अंतिम सामना बडोदा विरुद्ध होळकर, म्हणजे दोन संस्थानांच्या पगारी संघांची झुंज. हजारे २८८, गुल महंमद ३१९. चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील कोणत्याही गड्यासाठीचा हा विक्रम २००६पर्यंत अबाधित राहिला. भारतीय क्रिकेटचा हा अभिमानाचा क्षण दोन नोकरदारांनी त्यांच्या कामाच्या वेळेत घडवला आहे.

१३.
हजारे यांच्या वाट्याला आणखी एक एकटेपणा होता. मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत संघ धर्मानुसार पडत. ख्रिस्ती असल्याने ते ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेल्यांच्या संघात. १९४३-४४च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१वर डाव घोषित केला. विजय मर्चंट नाबाद २५०. ‘उरलेल्यां’चा दुसरा डाव ३८७ धावांचा झाला आणि त्यातील ३०९ एकट्या विजय हजारेंच्या. सहाव्या गड्यासाठी धाकटे बंधू विवेक यांच्यासह ३०० धावा जोडल्या गेल्या; त्यात विवेकचा वाटा २१. सामना एक डाव व ६१ धावांनी गेला. ज्याच्या पाठीशी ना मोठा समाज होता ना पिढीजात पैसा, त्याच्याजवळ केवळ कौशल्य होते. आणि कौशल्याचे मोल पैशातच व्हावे लागते.

१४.
हुद्दा देऊन वेतन झाकण्याची ही युक्ती केवळ भारतीय संस्थानांची नव्हती. तिचे सर्वांत मोठे उदाहरण बर्फावर खेळल्या जाणाऱ्या आइस हॉकीत आढळते. सोव्हिएत संघाचा बलाढ्य क्लब ‘सीएसकेए मॉस्को’ हा लष्कराचा. त्याचे खेळाडू कागदोपत्री सैन्याधिकारी, म्हणून ‘हौशी’. प्रत्यक्षात वर्षभर सराव हेच त्यांचे काम. कॅनडाचे सर्वोत्तम खेळाडू मात्र एनएचएल या लीगमध्ये उघडपणे पगार घेत, म्हणून जागतिक स्पर्धा आणि ऑलिंपिकची दारे त्यांना बंद. या दुटप्पीपणाला कंटाळून कॅनडाने १९७० ते १९७६ या काळात जागतिक अजिंक्यपद स्पर्धेवर बहिष्कार टाकला.

१५.
झाकलेल्या पगाराची किंमत कोणी मोजली? १९८८मध्ये सोव्हिएत खेळाडू इगोर लारिओनोव्ह याने ‘ओगोन्योक’ साप्ताहिकात खुले पत्र लिहून प्रशिक्षक व्हिक्टर तिखोनोव्ह यांच्या जाचक पद्धतीवर बोट ठेवले. वर्षातील बहुतेक दिवस खेळाडूंना कुटुंबापासून दूर छावणीत ठेवले जाई. व्याचेस्लाव्ह फेतिसोव्हला परदेशी क्लबकडे जायचे होते. पण तो अधिकारी होता आणि अधिकाऱ्याला लष्कर सोडून जाता येत नाही. १९८९मध्ये ही वाट मोकळी झाली आणि दोघेही एनएचएलमध्ये गेले. तोवर त्यांच्या कारकिर्दीचा उमेदीचा काळ सरला होता.

१६.
उघड पगाराच्या देशातही न्याय आपोआप आला नाही. १९५७मध्ये डेट्रॉइटचा नामांकित खेळाडू टेड लिंडसे याने सहकाऱ्यांसह खेळाडूंची संघटना उभारली. मागण्या साध्या होत्या. निवृत्तिवेतन निधीचा हिशेब ही त्यांतील एक. त्याच वर्षी लिंडसेची रवानगी शिकागोच्या संघात झाली आणि पुढच्या वर्षी संघटना मोडली. टिकाऊ संघटना १९६७मध्ये उभी राहिली. तात्पर्य असे की, पगार उघड असला तरच त्यावर भांडता येते. गुप्त पगारावर भांडण करणारा कृतघ्न ठरतो.

१७.
हजारे यांनी उघड पगाराचे जगही पाहिले. लँकेशायरच्या लीगमध्ये ते रॉटेनस्टॉल आणि रॉयटन या क्लबांकडून खेळले. ही गिरण्यांची गावे. आठवडाभर मागावर उभा राहणारा कामगार शनिवारी दुपारी सामना पाहायला येई. प्रत्येक क्लबला एक पगारी खेळाडू ठेवता येई आणि जगभरातील मोठमोठे खेळाडू या जागेसाठी येत. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९पासून नेल्सन क्लबकडे होते. लाला अमरनाथ १९३८मध्ये त्याच क्लबकडून खेळले.

१८.
लीगमधील एक प्रथा येथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. फलंदाजाने अर्धशतक केले किंवा गोलंदाजाने ठरावीक बळी घेतले की प्रेक्षकांमधून डबा फिरवला जाई. ज्याला जे शक्य, ते तो टाकी. या पैशाला कोणी भीक म्हटले नाही. गिरणीत घाम गाळणाऱ्या माणसाने मैदानात घाम गाळणाऱ्या माणसाचे काम ओळखले आणि त्याचा दाम दिला, इतकाच त्याचा अर्थ होता. महाराजांच्या तिजोरीतून येणाऱ्या पैशापेक्षा हा पैसा अधिक स्वच्छ होता. त्याच्यामागे मुजरा नव्हता.

१९.
आता पुन्हा १९५२. त्या वर्षी १० फेब्रुवारीला मद्रासमध्ये भारताने इंग्लंडला एक डाव व ८ धावांनी हरवले होते. भारताचा कसोटी क्रिकेटमधील पहिला विजय, २५व्या कसोटीत. कर्णधार हजारे. विनू मंकड यांचे सामन्यात १२ बळी. चार महिन्यांनी संघ लीड्सला उतरला तेव्हा मंकड संघात नव्हते. ते लँकेशायरमध्येच, हॅसलिंग्डन क्लबचे पगारी खेळाडू म्हणून खेळत होते.

२०.
असे का घडले? मंकड यांनी क्लबचा करार स्वीकारण्यापूर्वी दौऱ्यातील निवडीची हमी मागितली होती. भारतीय मंडळाने ती दिली नाही. ज्या माणसाच्या घरचा खर्च खेळावर चालतो, त्याने आयता करार सोडून अनिश्चित निवडीची वाट पाहावी, अशी ती अपेक्षा होती. मंकड यांनी करार केला. पुढे दशकानुदशके या प्रसंगाकडे ‘देश की पैसा’ अशा चष्म्यातून पाहिले गेले. खरा प्रश्न वेगळा होता. मंडळाला आपला सर्वोत्तम खेळाडू हवा होता, पण त्याच्या उपजीविकेची जबाबदारी नको होती.

२१.
लीड्सला दुसऱ्या डावात भारताची अवस्था शून्य धावा, चार गडी बाद अशी झाली. पदार्पण करणारा फ्रेड ट्रूमन आग ओकत होता. त्या क्षणी हजारे खेळपट्टीवर आले. पहिल्या डावात त्यांनी ८९ धावा करून तरुण विजय मांजरेकरला शतकापर्यंत साथ दिली होती. आता ५६ धावा करून, कोल्हापूरचे दत्तू फडकर यांना सोबत घेऊन, त्यांनी संघाची अब्रू राखली. सामना गेला. त्यानंतर मंडळाने हॅसलिंग्डनकडे शब्द टाकून मंकड यांना मोकळे करून घेतले. लॉर्ड्सवर मंकड यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि एकूण ९७ षटके टाकली. पगारी खेळाडूची देशनिष्ठा मोजायची असेल तर हा आकडा पुरेसा आहे.

२२.
हजारे यांना देवत्व देण्याचे कारण नाही. कर्णधार म्हणून ते सावध, कित्येकदा अतिसावध होते. १९५२च्या त्या मालिकेत भारताने चारपैकी तीन कसोटी गमावल्या. ओल्ड ट्रॅफर्डवर एकाच दिवसात दोन डाव ५८ आणि ८२ धावांत आटोपले. परंतु ३० कसोटींत २,१९२ धावा, सरासरी ४७.६५, सात शतके आणि जानेवारी १९४८मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके (११६ आणि १४५) ही कामगिरी हौसेच्या फावल्या वेळात होत नाही. हे पूर्ण वेळ केलेले काम आहे.

२३.
पहिला आक्षेप येथे अपेक्षित आहे : पैशाने खेळ नासतो. २०००मधील सामनानिश्चितीचे प्रकरण त्याचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. तो पुरावा उलट बाजूने बोलतो. सामना विकणारा पैसा चोरटा होता, त्याला पावती नव्हती. उघड करार, छापील रक्कम आणि त्यावरील कर यांनी खेळ नासल्याचे उदाहरण देणे कठीण आहे. नासवतो तो अंधार. आणि हौशीपणाच्या नावाखाली वेतन दडवण्याची सवय हा त्याच अंधाराचा एक जुना प्रकार आहे.

२४.
दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : संस्थानिक नसते तर हे खेळाडू घडलेच नसते. हे बव्हंशी खरे आहे. बडोदा, होळकर, पतियाळा यांनी मैदाने बांधली, प्रशिक्षक आणले, घरे चालवली. त्याबद्दलची कृतज्ञता योग्यच. परंतु मालकाने कारखाना काढला म्हणून कामगाराचे काम त्याच्या खात्यावर जमा होत नाही. ५७७ धावांच्या भागीदारीत महाराजांची एकही धाव नाही.

२५.
शिवाय मोबदल्याची लाज ही या मातीची परंपराच नव्हे. सांगली-कोल्हापूरच्या कुस्तीत इनाम कधीही लपवले गेले नाही. यात्रेच्या मैदानात कोणत्या जोडीला किती रुपये, हे हलगीच्या तालावर पुकारले जाते. शाहू महाराजांनी १९१२मध्ये खासबाग मैदान उभारले, तालमींना आणि मल्लांच्या खुराकाला बळ दिले. सांगलीजवळच्या कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने याच परंपरेत वाढले. लोणी, बदाम, दूध यांना पैसा लागतो, हे येथील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागले नाही. ‘धंदेवाईक’ची लाज आयात झालेली आहे.

२६.
लाजेची ही आयात किती महाग पडली याचे उत्तर सांगलीतच मिळते. नंदू नाटेकर यांचा जन्म १९३३मध्ये सांगलीचा. १९५६मध्ये क्वालालंपूर येथे त्यांनी जिंकलेले विजेतेपद हे परदेशात आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा जिंकणाऱ्या पहिल्या भारतीयाचे. १९६१मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत त्यांचे नाव. परंतु बॅडमिंटनमध्ये रोख बक्षिसांच्या खुल्या स्पर्धा १९७९च्या सुमारास सुरू झाल्या. नाटेकरांच्या ऐन बहराच्या काळात त्यांच्या खेळाला बाजारात भावच नव्हता. टाळ्या होत्या, चषक होते.

२७.
त्याच परिसरातून दुसरे टोकही दिसते. कुपवाडपासून जवळच असलेल्या माधवनगरात वाढलेली स्मृती मानधना. २०१३मध्ये १९ वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात तिने नाबाद २२४ धावा केल्या, आणि त्या बडोद्यात. जेथे हजारे यांनी आयुष्य काढले. २०१६मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बिग बॅशमध्ये ब्रिस्बेनचा करार, २०१८मध्ये इंग्लंडमधील वेस्टर्न स्टॉर्म, आणि १३ फेब्रुवारी २०२३ रोजी महिला प्रीमियर लीगच्या लिलावात ३ कोटी ४० लाख रुपये. रॉटेनस्टॉलच्या फिरत्या डब्यापासून या आकड्यापर्यंत एकच रेषा जाते : खेळ हे काम आहे.

२८.
त्या लिलावानंतरही ‘मुली आता पैशासाठी खेळणार’ हा सूर उमटलाच. त्यावरील उत्तर आकड्यांत आहे. भारतीय मंडळाने महिलांना वार्षिक करार प्रथम २०१५मध्ये दिले. सामन्याचे मानधन पुरुषांइतके होण्यास ऑक्टोबर २०२२ उजाडावा लागला. त्या वेळीही वार्षिक करारात महिलांची सर्वोच्च श्रेणी ५० लाखांची आणि पुरुषांची ७ कोटींची होती. पैशासाठी खेळण्याचा आरोप ज्यांच्यावर होतो, त्यांनाच पैसा सर्वांत शेवटी मिळतो, हा नियम विझींच्या काळापासून बदललेला नाही.

२९.
आणि अपुरे राहिलेले काम मोठे आहे. लिंडसेच्या आइस हॉकीत १९६७पासून खेळाडूंची संघटना मालकांशी वाटाघाटी करते. भारतात क्रिकेटपटूंची मान्यताप्राप्त संघटना २०१९मध्ये आली, तीही निवृत्त खेळाडूंची. मैदानावर उतरणाऱ्या खेळाडूच्या वतीने बोलणारे कोणी नाही. दुखापत, सक्तीची विश्रांती, पस्तिशीनंतरचे आयुष्य या गोष्टी अजूनही दात्याच्या उदारतेवर सोडलेल्या आहेत. राजे गेले, राजाश्रयाची मानसिकता टिकली.

३०.
१९९८मध्ये सांगली आणि मिरजेसह महापालिकेत आलेले कुपवाड हे औद्योगिक वसाहतीचे गाव आहे. पाळी, हजेरी, जादा तास, भविष्य निर्वाह निधी हे शब्द तेथे घरोघरी कळतात. पगार घेणाऱ्या माणसाला तेथे कोणी हलके समजत नाही. पगार बुडवणाऱ्याला समजतात. तेथील मुलाने वा मुलीने ‘मला खेळाडू व्हायचे आहे’ म्हटले की मात्र ‘आधी पोटाचे बघ’ हेच उत्तर मिळते. हे उत्तर क्रूर नाही, ते अनुभवाचे आहे. ते बदलायचे असेल तर खेळाचा इतिहास कामाचा इतिहास म्हणून लिहावा लागेल.

३१.
विजय हजारे १८ डिसेंबर २००४ रोजी बडोद्यात वारले. १९६०मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली होती. जसू पटेल यांच्यासह हा सन्मान मिळवणारे ते पहिले क्रिकेटपटू. आज देशातील प्रमुख एकदिवसीय स्पर्धेला त्यांचे नाव आहे. त्या स्पर्धेत उतरणारा प्रत्येक खेळाडू सामन्याचे मानधन घेतो आणि ते घेताना कोणासमोर वाकत नाही. हजारे यांचे खरे स्मारक त्या चषकापेक्षा त्या न वाकण्यात आहे. ‘धंदेवाईक’ ही शिवी होती. सांगलीच्या शिक्षकाच्या मुलाने ती चोख कामाने निकामी केली. निदान त्याचे चरित्र सांगताना तरी त्याचा पगार लपवू नये.